उकळी न फुटलेला चहा

आमच्या घरात चहाचा नियम ठरलेला. आधणाला खदखदून उकळी फुटल्याशिवाय पत्ती पडायची नाही, आणि पत्ती पडल्यावर आणखी दोन उकळ्या आल्याशिवाय गॅस बंद व्हायचा नाही. जपानात नोकरीला असलेल्या भाच्याने शिझुओकाच्या सेंचाचं, म्हणजे तिथल्या रोजच्या हिरव्या चहाचं, पाकीट आणून दिलं, तेव्हाही मी तेच केलं. दूध-साखर घातली नाही, एवढाच काय तो परदेशी पाहुण्याचा मान राखला. कपात उतरलं ते पिवळट, गढूळ आणि इतकं कडू, की लहानपणी आजी नाक दाबून पाजायची त्या किराइताच्या काढ्याची आठवण झाली. भाच्याला फोनवर सांगितलं तर तो हसत सुटला. "अगं मावशी, चहा नाही, काढा केलास तू! पाणी उकळव, पण मग निवू दे. कप हातात धरता येईल इतकं निवलं की मगच पानांवर ओत."

निवलेल्या पाण्याचा चहा! आमच्याकडे असा चहा कुणी पाहुण्यापुढे ठेवला असता तर चार दिवस त्याची चर्चा झाली असती. पण सांगितलं तसं केलं. पाकीट तेच, पाणी तेच, कप तोच. आणि तोंडात आलं ते काहीतरी निराळंच. आधी एक गोडसर चव, पण साखरेची नव्हे. मग जिभेवर पसरणारा दाटपणा, टोमॅटोच्या साराचा पहिला घोट घेतल्यावर लागतो तसा. मागून ओल्या गवताचा आणि अगदी हलका, समुद्रकिनाऱ्यावरच्या शेवाळाचा वास. कडवटपणा होता, पण दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा, आत न आलेला. बदललं होतं फक्त पाण्याचं तापमान, तेही पंचवीस-तीस अंशांनी. एवढ्याने चव इतकी कशी पालटते, या प्रश्नाने माझा पिच्छा पुरवला.

उत्तर चहाच्या झाडाच्या मुळापासून सुरू होतं, अगदी शब्दशः.

चहाचं झाड आपल्या मुळांत थिअॅनिन नावाचं एक अमिनो आम्ल तयार करतं. जपानी शास्त्रज्ञांनी ते १९५०च्या सुमारास ग्योकुरो या उंची चहाच्या पानांतून वेगळं काढलं. मुळांतून ते वर चढतं आणि कोवळ्या पानांत साठतं. गोडसर, साराची आठवण करून देणारी चव बरीचशी याची. पण पानावर ऊन पडलं की झाड हे थिअॅनिन मोडायला लागतं, आणि त्याचे तुकडे कॅटेचिन नावाच्या द्रव्यांच्या घडणीत वापरतं. कॅटेचिन म्हणजे कडू आणि तुरट. म्हणजे जसजसं ऊन चढतं तसतसं पानातल्या गोडीचं कडूपणात रूपांतर होत जातं. किडीला, प्राण्यांना दूर ठेवायला झाडाला त्या कडूपणाचा उपयोग होतो. आपल्या जिभेचा विचार झाडाने केलेला नसतो.

हे रसायन कळायच्या कितीतरी आधी जपानी शेतकऱ्याला यातली मेख कळली होती. तोडणीच्या आधी सुमारे तीन आठवडे तो मळ्यावर मांडव घालतो, पूर्वी बोरू आणि भाताचा पेंढा अंथरून, आता बहुतेक ठिकाणी काळं जाळीदार कापड ताणून. पानाला ऊन मिळेनासं होतं, थिअॅनिन तसंच राहतं, आणि मिळेल तो उजेड पकडायच्या धडपडीत पान हरितद्रव्य वाढवत गडद हिरवं होतं. शेवाळासारखा तो वासही सावलीतल्या पानांतच जास्त. मांडवाखालच्या या पानांचा एक चहा म्हणजे ग्योकुरो, आणि ती वाफवून, वाळवून, दळली की माचा. ग्योकुरोचा जन्म १८३५चा मानतात, उजी भागात, एदोतल्या यामामोतो काहेई या चहाच्या पेढीच्या सहाव्या मालकाच्या हातून. रोजचा सेंचा मात्र उघड्या उन्हात वाढतो. त्यात गोडी आणि तुरटपणा दोन्ही असतात, आणि त्यातलं काय किती घ्यायचं ते चहा करणाऱ्याच्या हाती राहतं.

आता पाण्याकडे येऊ. थिअॅनिन पाण्यात चटकन विरघळतं, पाणी कोमट असो की थंडगार. कॅटेचिन, त्यातही सगळ्यांत कडवी जात, बाहेर पडायला ताप मागते. कॅफिनही गरम पाण्यात भराभर सुटतं आणि थंड पाण्यात रेंगाळतं. म्हणून ६०-७० अंशांचं पाणी पानातून गोडी आधी घेऊन येतं आणि कडूपणाला मागे ठेवतं, तर उकळतं पाणी सगळ्यांना एकदमच बाहेर ओढतं. पीठ चाळायला आपण कमी-जास्त भोकांच्या चाळण्या वापरतो ना, तसा जपानी माणूस तापमान वापरतो. शेतकऱ्याने पानापासून ऊन राखलं, चहा करणाऱ्याने त्याच पानापासून आच राखली. मला या दोघांच्या हातात एकच कसब दिसतं.

मधे आणखी एक कसब आहे, वाफेचं. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं, हे आपल्याला ठाऊक आहे. ते एका वितंचकाचं (एन्झाइमचं) काम. पानातही तेच वितंचक असतं. तोडलेलं पान चुरगळून ठेवलं की ते वितंचक हवेच्या संगतीने पानाला तांबूस-काळं करतं, आणि तो आपला रोजचा काळा चहा. झाड तेच, आसामच्या आणि उजीच्या जाती निराळ्या इतकंच. (गवती चहाचा या घराण्याशी काही संबंध नाही. ते गवतच.) हिरवा चहा हवा तर त्या वितंचकाला ताबडतोब निकामी करायचं. चीनमध्ये ते बहुतेक तापल्या कढईत पानं परतून करतात. जपानात पानांना वाफ देतात, आणि म्हणून जपानी चहाच्या वासात भाजकेपणा नाही, ओली हिरवाई आहे. वाफ द्यायची जेमतेम अर्धा-पाऊण मिनिट. शिझुओकातल्या माकिनोहारा पठारासारख्या ठिकाणी दुप्पट-तिप्पट वेळ देतात. मग पान मऊ पडतं, वळताना चुरतं आणि कपात दाट, गढूळ हिरवा रंग उतरतो. हे पठार म्हणजे एक कहाणीच आहे. शोगुनाची सत्ता गेली, बेकार झालेल्या त्याच्या सामुराईंनी १८६९ पासून इथलं माळरान फोडलं आणि तलवार धरायच्या हातांनी चहा लावला.

वाफवून वळलेल्या सेंचाची रीत उजीजवळच्या खेड्यातल्या नागातानी सोएन या शेतकऱ्याच्या नावावर आहे, साल १७३८. खालून मंद आच दिलेल्या कागदी तळाच्या पेटीवर वाफवलेली पानं हातांनी चोळायची, लाटायची, वळायची, आणि हे पाच-सहा तास. शेवटी प्रत्येक पान गडद हिरव्या, चकचकीत सुईसारखं होतं. अशी हातवळणीची एक सुई पाण्यात टाकून पाहावी. ती हळूहळू सैल होते, उलगडते आणि अखेर देठासह अख्खं कोवळं पान समोर तरंगतं. काम अर्थातच कंबर मोडणारं. ताकाबायाशी केन्झो नावाच्या एका डॉक्टराने रोगी सोडून चहाची यंत्रं करायला घेतली. जपानात पेटंटचा कायदा आला त्याच वर्षी, १८८५ मध्ये, देशातली २, ३ आणि ४ क्रमांकाची पेटंटं या चहावेड्या डॉक्टराला मिळाली.

सोएनच्याच काळात क्योतोच्या रस्त्यांवर बाइसाओ नावाचा एक म्हातारा झेन भिक्षू खांद्यावर कावड घेऊन चहा विकत फिरे. 'बाइसाओ' म्हणजेच चहा विकणारा म्हातारा. किंमत गिऱ्हाइकाने ठरवायची. फुकट प्यायलात तरी चालेल, असा त्याचा खाक्या, फक्त फुकटाहून कमी देता येणार नाही. ऐंशी वर्षांचा झाल्यावर त्याने आपली चहाची भांडी स्वतःच्या हाताने जाळून टाकली, मागे कुणाच्या हाती पडून त्यांचा बाजार होऊ नये म्हणून.

आता प्रत्यक्ष करू या. दोघांपुरता चहा. पाच ग्रॅम पान म्हणजे चहाचे दोन सपाट चमचे. पाणी दीडशे-पावणेदोनशे मिलिलिटर. पाणी उकळवायचं आणि थेट पानांवर न ओतता आधी रिकाम्या कपांत ओतायचं. भांडं बदललं की पाणी साधारण १० अंशांनी उतरतं, कप गरम होतात आणि माप आपोआप ठरतं. जपान्यांकडे यासाठी चोचीचं एक वेगळं भांडंच असतं, युझामाशी, म्हणजे 'पाणी निववणारं'. ते पाहिलं आणि मला आपली बशी आठवली. आपण चहा झाल्यावर बशीत ओतून निववतो, ते चहा होण्याआधीच पाणी निववून घेतात. आपल्या गावाकडचा 'च्या' आणि त्यांचा 'चा' एकाच चिनी शब्दाची लेकरं, निववायच्या वेळेवरून तेवढी वेगळी झालेली.

पाणी ७० अंशांच्या आसपास आलं की पातळ कप बोटांना कढत लागतो, पण क्षणभर धरता येतो. तेव्हा ते पानांवर सोडायचं आणि झाकण ठेवून एक मिनिट थांबायचं. हलवायचं नाही, ढवळायचं नाही, चमच्याने दाबायचं तर मुळीच नाही. माझ्यासारखीला हे एक मिनिट फार जड जातं. हात सारखा चमच्याकडे वळतो.

त्यांची किटली, क्यूसू, हीही पाहण्यासारखी. दांडा मागे नसतो, बाजूला असतो, तोटीशी काटकोनात, म्हणजे मनगट नुसतं वळवलं की चहा ओतला जातो. आइची प्रांतातल्या तोकोनामेची लाल मातीची क्यूसू नावाजलेली. ओतताना एक कप भरून मग दुसरा भरायचा नाही. थोडा याच्यात, थोडा त्याच्यात, पुन्हा उलट्या क्रमाने, म्हणजे दोघांनाही सारखाच दाटपणा मिळतो. आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत किटली उलटी धरून ठेवायची. सगळ्यांत दाट रस त्या थेंबात असतो. शिवाय पाणी आत राहिलं तर पान मुरत राहतं आणि पुढची खेप कडू होते.

हो, पुढची खेप. त्याच पानांवर दुसऱ्यांदा जरा जास्त गरम पाणी, आणि थांबायचं जेमतेम दहा-पंधरा सेकंद, कारण पान आता उमललेलं असतं. गोडी कमी, तुरटपणा पुढे, तरतरी जास्त. तिसऱ्या खेपेला याहूनही गरम पाणी चालतं. म्हणजे एकाच चिमटीतून तीन निरनिराळे चहा. आपली 'उरलेल्या पत्तीवरचा चहा' ही शिवी तिथे लागू पडत नाही.

ग्योकुरोला पाणी याहून निवलेलं, ५० अंशांच्या आसपास, पान भरपूर आणि पाणी घोटभर. बर्फाच्या खड्यांवर पान ठेवून खडे विरघळू दिले तरी तो होतो. मिळतो चमचाभर रस, पण तो सूप म्हणून पिण्याइतका दाट. याउलट भाजलेल्या पानांचा होजिचा, भाजके तांदूळ घातलेला गेनमाइचा आणि जून पानांचा बांचा यांना खुशाल उकळतं पाणी द्यावं. त्यांत जपायची गोडी फारशी नसते, वास काढायचा असतो. आपल्या माणसाने सुरुवात होजिचापासून केली तर बरं, असं माझं मत. त्यात भाजलेल्या धान्याचा ओळखीचा खमंगपणा आहे, आणि आधणाची सवयही मोडावी लागत नाही. पाण्याचं मात्र सांभाळायला हवं. जपानचं पाणी मऊ. बोअरच्या जड पाण्यात हाच चहा मरगळतो, रंगही मळकट होतो. बोअरचं पाणी असेल तर गाळणीतून क्षार कमी झालेलं घ्यावं.

आणि चाखायचं कसं? इथे मराठी माणसाची जीभ थोडी तयार आहे, असं मला वाटतं. तुरट ही स्वतंत्र चव आहे हे आपल्याला शिकवावं लागत नाही. आवळा, सुपारी, अर्धंकच्चं जांभूळ, कच्चं केळं यांनी ते शिकवून ठेवलंय. कॅटेचिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं, जिभेवरचं वंगण जातं आणि तोंड आवळल्यासारखं होतं. त्सुजिमुरा मिचियो या बाईंनी १९२९ मध्ये हिरव्या चहातून कॅटेचिन वेगळं काढलं. पुढे १९३२ मध्ये त्या कृषिविज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या जपानातल्या पहिल्या स्त्री ठरल्या. जपानी भाषेत तुरट म्हणजे 'शिबुई'. हाच शब्द माणसाला, आवाजाला, कपड्याच्या रंगालाही लावतात, आणि तो कौतुकाचा असतो: झगमगाट नसलेला, मुरलेला. आपल्याकडे एखाद्याला 'तुरट माणूस' म्हणा, तो बोलणं टाकेल!

आपल्या सहा रसांत न बसणारी चव म्हणजे उमामी. इकेदा किकुनाए या रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाच्या सूपमधून तिचं मूळ हुडकलं, ते ग्लुटामेट. थिअॅनिन त्याचंच जवळचं भावंड. नाव आपल्याकडे नाही, चव आहे. टोमॅटोच्या सारात आहे, कोकणातल्या सुकटीच्या कालवणात आहे. पहिला घोट गिळायची घाई करू नका, जिभेवर फिरू द्या. मग खुशाल भुरका मारा. भुरक्याबरोबर हवा आत जाते आणि वास घशामागून नाकात चढतो. गिळल्यावर थोडं थांबा. आवळा खाऊन पाणी प्यायल्यावर जो गोडवा येतो, त्याच जातीचा एक गोडवा मागाहून येतो. चांगल्या चहाची ओळख मला तरी तिथे पटते.

गंमत म्हणजे जपानातले व्यावसायिक परीक्षक चहा नेमका माझ्यासारखाच चाखतात, उकळत्या पाण्यात! कोरडं पान काळ्या तबकात ठेवून त्याचा आकार आणि चमक पाहतात. मग पांढऱ्या वाडग्यात ३ ग्रॅम पान, वर उकळतं पाणी, आणि जाळीच्या चमच्याने भिजलं पान उचलून वास. त्यानंतर पाण्याचा रंग, शेवटी चव. निवलेलं पाणी दोष झाकतं, उकळतं पाणी ते चव्हाट्यावर आणतं, आणि त्यांना दोषच शोधायचे असतात. आपण मात्र घरी परीक्षा घ्यायला बसलेलो नसतो. हिरव्या चहाची पिशवी उकळत्या पाण्यात दहा मिनिटं बुचकळून ठेवून, वजन उतरवण्यासाठी डोळे मिटून पिणाऱ्यांची मला म्हणूनच दया येते.

ही पारख पूर्वी जुगाराचीही होती. चौदाव्या शतकात क्योतोजवळच्या तोगानोओचा 'अस्सल' चहा कुठला आणि इतर ठिकाणचा कुठला हे घोट घेऊन ओळखायच्या पैजा लागत. त्या इतक्या बोकाळल्या, की १३३६ च्या केन्मू कायद्यात चहाच्या बैठकांमधल्या जुगाराला नावानिशी चाप लावावा लागला.

भाच्याने मळ्याचा फोटो पाठवला, तेव्हा आधी मला वाटलं, शेतात रस्त्यावरचे दिवे कशाला लावलेत! ते पंखे होते. वसंतात कोंब फुटतात तेव्हा पहाटे दव गोठून ते जळायची भीती असते. अशा स्वच्छ, निवांत रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि काही मीटर वरची हवा ऊबदार असते. खांबावरचे पंखे ती वरची ऊब खाली ढकलतात. रात्रभर झाडांना पंखा घालणारे शेतकरी मी दुसरे ऐकले नाहीत. फोटोतली झुडपं बहुधा याबुकिता जातीची असावीत. सुगियामा हिकोसाबुरो यांनी १९०८ मध्ये बांबूच्या बेटाच्या उत्तरेला निवडलेल्या एका झुडपाचा हा वंश, जपानातल्या निम्म्याहून कितीतरी अधिक मळ्यांवर पसरलेला. नावाचा अर्थही तोच: बेटाची उत्तर बाजू.

आपल्या देशाचाही एक धागा तिथे विणलेला आहे. १८७०च्या दशकात जपान सरकारने तादा मोतोकिची या जुन्या सामुराईला काळा चहा शिकायला चीनला आणि मग दार्जिलिंग-आसामला धाडलं. त्याने इथून नेलेल्या बियांच्या वंशातून पुढे बेनिहोमारे ही जात निघाली, आणि १९५३ मध्ये जपानच्या चहाच्या नोंदवहीत पहिला क्रमांक तिलाच मिळाला.

तीन खेपा झाल्यावर ग्योकुरोची पानं टाकून देऊ नका. ती पालेभाजीसारखी कोवळी असतात, वर थोडा सोया सॉस आणि लिंबू पिळून खातात. पाकिटाचं सांगायचं तर ऊन, हवा आणि दमटपणा हे त्याचे तीन वैरी. फ्रीजमधून काढलं तर लगेच उघडू नका, बाहेरच्या हवेइतकं होऊ द्या, नाहीतर आत पाणी सुटतं. आणि एकदा उघडलं की महिन्याभरात संपवा, पावसाळ्यात त्याहूनही लवकर. पाहुण्यांसाठी म्हणून राखून ठेवलेला सेंचा दिवाळीपर्यंत वाळक्या गवताचा वास मारायला लागतो.